वर्गातली ताई अकरा महिन्यांची नको

यंदाच्या वर्षावासात पहूरच्या वस्तीतल्या विहारात आम्ही गेलो होतो ते रक्तक्षयावर बोलायला. किशोरवयीन मुलींचं हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, शेवग्याचा पाला असं सगळं लिहून नेलं होतं. त्रिसरण-पंचशील झालं, ग्रंथवाचन झालं, आमचं बोलणं झालं, चहा आला. महिला उठायला लागल्या तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आईने विचारलं, "ताई, पोरीचं पोट परत दुखाले लागलं. रोज सकाळीच कसं काय दुखते? रविवारी नाई दुखत."

आमच्या कागदात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तर त्याच विहारात बसलेल्या दुसऱ्या एका मुलीकडे होतं. ते तिला कसं मिळालं हे ऐकल्यावर रक्तक्षयाचा लेख आम्ही पुढच्या अंकाकडे ढकलला.

ही मुलगी आता सातवीत आहे. दुखणं सुरू झालं ते गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. सकाळी दप्तर भरायची वेळ झाली की कळ यायची. शाळा भरून तासभर झाला की थांबायची. आईने दवाखान्यात दाखवलं. जंताची गोळी झाली, रक्त-लघवी तपासली. मग उसनवार करून जळगावला सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं. घरात वाटलं, पाळी यायची असेल. शेजारणीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आजीने सरळ निकाल दिला, "नाई जात तं राहू दे. कापूस वेचाले चालली तं चार पैसे येतीन घरात." आणि खरोखरच ती आठ-दहा दिवस वेचणीला गेली. तिथे पोट एकदाही दुखलं नाही.

तेव्हा शाळेत एक प्रशिक्षणार्थी ताई होती. वस्तीतलीच, बी.ए., डी.एड. झालेली. शासनाच्या योजनेतून काही महिन्यांसाठी लागलेली. लहान वर्गांचं वाचन घ्यायचं, ऑनलाइन माहिती भरायची, गुरुजी बैठकीला गेले की वर्ग सांभाळायचा, हे तिचं काम. रिकामी जागा तिच्या लक्षात आली. संध्याकाळी ती मुलीच्या घरी गेली, पण 'शाळेत का येत नाहीस' असं विचारलं नाही. अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी मुलगी बोलली.

वर्गात शिष्यवृत्तीचे कागद गोळा करताना 'शिष्यवृत्तीवाल्या मुलींनी उभं राहा' असं सांगितलं गेलं होतं. कुणाचं पासबुक नाही, कुणाचं आधार जोडलेलं नाही, ही सगळी चौकशी भर वर्गात झाली. पाच मुली उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मागच्या बाकावरून 'फुकटवाल्या' सुरू झालं. ओळीत उभं राहताना, खिचडी खाताना, खेळताना. चौघींनी ते अंगावर घेतलं नाही. हिच्या पोटात गेलं.

कागद गोळा करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. यादी संध्याकाळपर्यंत भरायची असते. पण अकरा वर्षांच्या मुलीला पोर्टलची शेवटची तारीख कळत नाही. तिला एवढंच कळतं की आपल्याला उभं केलं.

पोट खोटं दुखत नव्हतं

आई-बापांनी हे आधी समजून घ्यावं. पोट आणि मेंदू नसांनी जोडलेले आहेत. भीती वाटली, लाज वाटली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, आतड्यांची हालचाल बदलते, स्नायू आखडतात. त्यातून होणारी वेदना खरीच असते. मोठ्या माणसाला 'मला अपमान वाटला' असं म्हणता येतं. लहान मुलाकडे तो शब्द नसतो, म्हणून पोट बोलतं, डोकं बोलतं.

शाळेच्या दिवशी दुखणं आणि सुट्टीला बरं वाटणं ही सगळ्यात सोपी खूण. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, वही फाडणं, आवडता खेळ सोडणं, धाकट्या भावंडाला मारणं, रात्री दचकून उठणं याही तशाच खुणा. दोन-तीन आठवडे असं चाललं तर लक्ष द्या. अर्थात आधी डॉक्टरांना दाखवायचंच. अपेंडिक्स, जंत, लघवीचा संसर्ग यांनीही पोट दुखतं, आणि सगळंच मनावर ढकलणं हीसुद्धा चूकच. पण तपासण्या ठीक आल्यावर 'नाटक करते' म्हणू नका. आणि लिंबू-मिरचीवर, अंगाऱ्यावर दिवस घालवू नका. धम्म घेतलेल्या घरात हे सांगावं लागू नये, पण चुलीत मिरच्या जळताना आम्ही पाहतो, म्हणून सांगतो.

बाबासाहेबांच्या लहानपणी त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे. बसायचं गोणपाट घरून न्यावं लागे. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दुसरीही एक आठवण ते सांगत. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्यांना देत. गोणपाटाची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते, भाकरीची तेवढी नाही. आम्हाला दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. अपमानाच्या जागी रोज एक मोठा माणूस आपल्याकडे बघतो आहे, एवढ्यावर मूल तग धरतं.

ताईची चूक

पहूरच्या ताईचं कौतुक झालं, आम्हीही केलं. पण तिने स्वतःच आम्हाला तिची चूक सांगितली, आणि हा लेख तिथूनच सुरू होतो.

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिने अट घातली, कुणाला सांगायचं नाही. ताई म्हणाली, शप्पथ, नाही सांगत. पुढे सांगावं तर लागणारच होतं. चिडवणं थांबवायचं तर गुरुजींच्या कानावर घालायला हवं. तिने घातलं. गुरुजींनी चांगल्या मनाने वर्गात सगळ्यांना दम दिला. मुलीला कळलं की ताईने सांगितलं. त्यानंतर चार दिवस ती ताईशी बोलली नाही. पुन्हा शेंगा, पुन्हा अंगण. "मले कोणी सांगितलं असतं की अशी शप्पथ घ्यायची नसते, तं मी घेतली नसती," ताई म्हणाली.

हे तिला कुणी सांगायला हवं होतं? तिला शिकवलं होतं ते हजेरी आणि ऑनलाइन फॉर्म. मुलाचं मन सांभाळायचं काम तिने आपल्या अंगच्या माणुसकीवर केलं. माणुसकी लागतेच, पण तेवढ्याने भागत नाही. नर्सताईंना दया असून चालत नाही, शीर सापडावी लागते.

या कामातली शीर म्हणजे काही साध्या गोष्टी आहेत. मुलाच्या उंचीला बसायचं. 'का' असं न विचारता 'काय झालं' असं विचारायचं, कारण 'का' ऐकलं की मूल बचावाला लागतं. मुलाने सांगितलेलं लगेच तपासायला जायचं नाही. 'त्यात काय एवढं' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. भावनेला नाव द्यायला मदत करायची: हा राग आहे, की भीती, की लाज, की कुणाची आठवण? गुप्ततेबद्दल पहिल्याच दिवशी खरं सांगायचं: "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल, किंवा तूच स्वतःला इजा करशील असं वाटलं, तर मला मदत आणावी लागेल. कुणाला सांगायचं ते आपण दोघी ठरवू." हा प्रश्न फक्त वागण्याचा नाही, कायद्याचाही आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे शप्पथ घेणारी ताई स्वतःच अडचणीत येते.

हे सगळं पुस्तक वाचून येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून, करून, चुकून, विचारून येतं. आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, उमेदवारी. हल्ली उमेदवारी म्हटलं की निवडणुकीचं तिकीट आठवतं. पण आपल्या वस्तीतल्या किती जणांनी आयटीआय करून एसटीच्या डेपोत, कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून वर्ष काढलं आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा त्याच्यासाठीच आहे. शिकवणारा उस्ताद ठरलेला, विद्यावेतन ठरलेलं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. फिटरला इंजिनाला हात लावण्याआधी एवढं शिकवतात, आणि लेकराच्या मनाला हात लावणाऱ्याला काहीच नाही.

वस्तीतली मुलगी हे काम करू शकते का?

मानसशास्त्राची पदवी नाही, अनुभव नाही, मग हिच्या हाती मुलं कशी द्यायची, असं काही शिकलेली माणसं आम्हाला विचारतात. याचं उत्तर दोन ठिकाणी मिळालं आहे.

पहिलं मुंबईत. 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांमध्ये 'बालसखी' सुरू केली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शाळा शिकलेली तरुण मुलगी. तिला सुमारे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण देत. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळं घेऊन बसे. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये, म्हणजे तेव्हाही तुटपुंजंच. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची मोजणी केली. काही शाळांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची परीक्षा घेतली. बालसखी असलेल्या शाळांतली मुलं पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रकारच्या कामासाठी.

तिथे मोजलं ते वाचन आणि गणित. मनाचं काय? त्यासाठी बिहारकडे पाहावं लागतं. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या सुमारे ७५ सरकारी माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी 'सेहर' नावाचा कार्यक्रम केला. शाळांचे तीन गट पाडले. एका गटात शाळेतल्याच शिक्षकाला प्रशिक्षण देऊन हे काम दिलं. दुसऱ्या गटात त्याच कामासाठी बाहेरून एक वेगळा माणूस नेमला, 'सेहर मित्र'. तो मानसोपचाराचा तज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण दिलेला साधा तरुण किंवा तरुणी होती. तिसऱ्या गटात नेहमीचंच चालू ठेवलं. मित्राचं काम काय? परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक चालवणं, मुलांनी आपली तक्रार चिठ्ठीत लिहून टाकावी म्हणून पेटी ठेवणं, आणि कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर ऐकून घेणं.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. मित्र असलेल्या शाळांत मुलांचं नैराश्य कमी झालं, दादागिरी आणि मारामारी कमी झाली, शाळेत आपल्याला कुणी तरी आहे ही भावना वाढली. शिक्षकाला काम दिलेल्या शाळांत मात्र काही फरक पडला नाही. त्याच शिक्षकांना प्रशिक्षण होतं, वह्या होत्या, सगळं होतं.

आम्हाला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी-बाई दोन-दोन वर्ग घेतात, मतदार यादी करतात, खिचडीचा हिशोब लिहितात, दिवसातून चार वेळा मोबाइलवर माहिती चढवतात. त्यांनी ऐकायचं कधी? शिवाय जो मार्क देतो, छडी उगारू शकतो, ज्याने परवा 'उभं राहा' म्हटलं, त्याच्यापाशी मूल मन कसं मोकळं करेल? २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, 'आरोग्य दूत' म्हणून नेमायची योजना आणली. त्यात भावनिक आरोग्य हाही विषय आहे. कागदावर चांगलं आहे. पण नालंदाचा धडा सांगतो की हे काम आहे त्याच शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक गाठोडं म्हणून ठेवलं की ते तिथेच राहतं.

आपल्या राज्यात शाळांमधून 'मित्र उपक्रम' म्हणून आनापानही शिकवलं जातं, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या मदतीने. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. श्वासावर लक्ष ठेवणारं मूल शांत होतं, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. पण ज्या मुलीला बाहेर 'फुकटवाली' म्हणतात तिला फक्त डोळे मिटायला सांगणं बरं नाही. तिने श्वास पाहावा आणि बाहेरचं चिडवणं कुणी तरी थांबवावं, दोन्ही व्हायला हवं.

इंग्लंडमध्ये काय करतात

तिकडे बहुतेक शाळांत शिक्षकांबरोबर मदतनीस असतात. त्यातले काही मदतनीस उमेदवारी करून घडतात. शाळेत काम, महिन्याचा पगार, आणि आठवड्यातला काही वेळ शिकण्यासाठी राखून ठेवलेला. अलीकडे त्यांच्यासाठी पुढची पायरीही केली आहे, तिच्यात 'मुलांचं सामाजिक आणि भावनिक स्वास्थ्य' ही एक वेगळी शाखा निवडता येते. त्याच्या आधीपासून, साधारण पंचवीस वर्षांपूर्वी, शीला बर्टन नावाच्या शालेय मानसशास्त्रज्ञ बाईंनी साउथॅम्प्टनकडे मदतनिसांना मुलांच्या भावना हाताळायला शिकवणं सुरू केलं. वर्गातलं प्रशिक्षण पाच-सहा दिवसांचंच. राग, मैत्री, स्वतःबद्दलचा विश्वास, घरातलं कुणी गेल्याचं दुःख, एवढे विषय. पण खरी गोष्ट पुढे आहे. प्रशिक्षण संपल्यावरही दर दीड-दोन महिन्यांनी हे मदतनीस गटाने मानसशास्त्रज्ञासमोर बसतात आणि आपल्या अडचणी मांडतात. मी शप्पथ घेतली, आता काय करू? मुलगा रोज रडतो, मलाही घरी जाऊन रडू येतं, काय करू? अशा बैठकांशिवाय मदतनिसाने हे काम करू नये असाच तिथला दंडक आहे.

आपल्याला इंग्लंडची नक्कल करायची नाही. तिथे मानसशास्त्रज्ञ आहेत, इथे पहूरहून जळगाव गाठावं लागतं. पण महिन्यातून एकदा गटाने बसायला, आपली चूक जाणत्या माणसापुढे मांडायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

अकरा महिने झाले आणि

पहूरच्या ताईचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

ती लागली होती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून. जुलै २०२४ मध्ये ही योजना आली. वय १८ ते ३५, बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिने, नंतर पाच महिने वाढवून अकरा. राज्यभर अनेक डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींना यातून जिल्हा परिषदेच्या शाळा मिळाल्या. पहिल्यांदाच आपल्या वस्तीतली शिकलेली मुलगी आपल्याच शाळेत, वर्गात उभी राहिली. लेकरांनी ते पाहिलं, हे आम्ही लहान समजत नाही. आणि अकरा महिने झाले की घरी. २०२५ मध्ये प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून मोर्चे काढले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं असेलच.

नोकरीचा प्रश्न आहेच. पण आरोग्याच्या पानावर आम्ही दुसऱ्या बाजूने बघतो. जे मूल कष्टाने एका माणसावर विश्वास ठेवायला शिकलं, त्याच्या दृष्टीने ती ताई एक दिवस यायची बंद झाली. कुणी निरोप दिला नाही, कुणी 'आता या बाईंशी बोल' म्हटलं नाही. ताई जळगावला कापडाच्या दुकानात लागली, रविवारी घरी येते. त्या रविवारी ती विहारात होती म्हणून आम्हाला भेटली. मुलीचं पोट परत दुखायला लागलं ते ऑगस्टच्या शेवटी. ताईची मुदत संपली तोच महिना. आईच्या लक्षात हे आलं नव्हतं. विहारात, चहाचे कप गोळा करताना, दोघींनी तारखा जुळवल्या तेव्हा आलं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. शाळेत अशा ताई आणि दादा हवेत, वस्तीतलेच हवेत, मुलींच्या बरोबरीने मुलगेही हवेत. पण त्यांना उमेदवार म्हणून नीट घडवायला हवं. किमान दोन वर्षं, म्हणजे एका मुलाला एक ताई दोन इयत्ता तरी लाभेल. शिकवणारा जाणता माणूस ठरलेला. महिन्याची बैठक. विद्यावेतन वेळेवर. शेवटी प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्राला पुढे नोकरीत किंमत. आणि मुदत संपताना मुलांचा निरोप घेऊन, त्यांना पुढच्या माणसाच्या हाती देऊन जाण्याची पद्धत. त्यांना रिकाम्या वर्गावर शिक्षक म्हणून बसवायचं नाही, हेही लिहून हवं. नाही तर शिक्षकांच्या जागा न भरण्याला हे स्वस्तातलं निमित्त होईल, आणि मुलांचे दोन्हीकडून हाल.

या मागणीला आता कायद्याचा आधारही आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात आहे. मुलांना सर्वांसमोर लाजवू नये, वंचित समाजघटकांतल्या मुलांशी संवेदनेने वागायला कर्मचाऱ्यांना शिकवावं, असंही आहे. एक समुपदेशक पाच गावांना मिळून मिळाला तरी त्याच्या हाताखाली प्रत्येक शाळेत एक उमेदवार, अशी साखळी बांधता येते. समुपदेशक उस्ताद, ताई उमेदवार.

ही मागणी मांडायची कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या वस्तीतून कोण आहे तिथे? आम्ही विहारात विचारलं. एक नाव आलं, आणि त्या बाई म्हणाल्या, "मले फक्त सहीले बोलावतात." पहूर पेठ आणि पहूर कसबे, दोन्हीकडे ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा होते. तिथेही ठराव देता येतो. त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. शिष्यवृत्तीचे कागद मुलांना वर्गात उभं न करता, पालकांकडून बाजूला घ्यावेत, एवढी साधी गोष्ट पुढच्या बैठकीत लिहून घ्या. त्याला कुठल्या योजनेची वाट पाहायला नको.

तोवर घरी

मूल शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न 'अभ्यास काय दिला' हा नको. हातातलं काम चालू ठेवून त्याच्याजवळ बसा. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून विचारलं की मुलं गप्प होतात, भाकरी थापताना, शेंगा सोलताना बोलतात. बोललं तर मध्ये तोडू नका. चिडवणाऱ्या मुलाच्या घरी लगेच भांडायला जाऊ नका, आधी आपल्या मुलाला विचारा, आपण काय करूया.

मूल 'मला जगायचं नाही' असं काही म्हणालं, किंवा अंगावर ओरखडे, ब्लेडच्या खुणा दिसल्या, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्याला एकटं ठेवू नका. फवारणीची औषधं घरातून हलवा. खानदेशात कपाशीमुळे ती घराघरांत असतात. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर केव्हाही फुकट बोलता येतं, मराठीतही. कुणी मुलाला त्रास देत असेल तर १०९८. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतून किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक चालतं, आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेडं असणं नव्हे. दात दुखला की आपण दाताकडे जातो, तसंच.

त्या रविवारी उठता उठता ताईने एक गोष्ट केली. सातवीतल्या मुलीला विहारात बोलावून घेतलं आणि सांगितलं की मी आता शाळेत नाही, दुकानात आहे, ऑगस्टमध्ये न सांगता गेले त्याची माफी मागते. मुलीने विचारलं, "मंग आता कोणाले सांगू?" ताई तिला घेऊन शाळेतल्या एका बाईंकडे जाणार होती, सोमवारची रजा टाकून. दुकानाचा एक दिवसाचा पगार कापला जाणार होता. तो महिला मंडळाने द्यायचा असं तिथेच ठरलं.